फिनलंडचा दाखला, कोकणचा पाऊस

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या कामांत लाकूड वापरायला बंदी केली आणि २०२० मध्ये ती उठवली. जंगल वाचावं हा बंदीमागचा हेतू होता आणि तो प्रामाणिक होता. पण या सत्तावीस वर्षांत सरकारी दारं-खिडक्या लोखंडाच्या, ॲल्युमिनियमच्या आणि पीव्हीसीच्या झाल्या, आणि लाकडाची पारख असलेले अभियंते एकेक करून निवृत्त झाले. त्यांच्या जागी जे आले त्यांच्यासाठी लाकूड म्हणजे निविदेतली एक ओळ उरली : ‘फर्स्ट क्लास टीक वुड’. बंदी केंद्राच्या खात्याची होती खरी, पण वारा सगळीकडे तोच होता.

आता लाकूड परत येतंय, आणि तेही थेट उघड्यावर. मलबार हिलवर झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा लाकडी उन्नत मार्ग २०२५ मध्ये खुला झाला आणि मुंबईकरांनी तिथे रांगा लावल्या. त्यानंतर पर्यटनाचा असा प्रस्ताव सापडणं कठीण झालंय ज्यात ‘डेक’ नाही. खाडीकाठची पायवाट असो, किनाऱ्यावरचे बाक असोत की गडाच्या पायथ्याचा सज्जा, लोकांना पायाखाली लाकूड हवंय. त्यात गैर काही नाही. उन्हात तापलेल्या ग्रॅनाइटच्या बाकावर दुपारी कोण बसतं, ते सगळ्यांनी पाहिलंय.

प्रश्न एवढाच, की लोकांच्या पैशातून, पावसात भिजायला ठेवायचं लाकूड कुठलं घ्यायचं? जुन्या जंगली सागाचा गाभा मिळणं अवघड आणि महाग. बल्लारपूरच्या सागवानाला अयोध्येच्या मंदिराच्या दारांपर्यंत मागणी आहे. ते बागेतल्या बाकाला लावा, असं मीही म्हणणार नाही. म्यानमारने २०१४ साली ओंडक्यांची निर्यात थांबवली. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीतून येणारा कोवळा साग नावाने सागच असतो, पण त्यात सालीलगतचा पांढरा भाग भरपूर, आणि सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो, पांढऱ्या भागात नसतो. अशा वेळी विक्रेते एक नवं उत्तर घेऊन येतात : थर्मोवुड. म्हणजे दोनशे अंशांच्या आसपास भाजलेलं लाकूड. औषध नाही, विष नाही, रंग सागासारखा, आणि सोबत युरोपीय टिकाऊपणाच्या वर्गवारीचा कागद.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे तंत्र चांगलं आहे, ते इथे यावं आणि सरकारी कामांत त्याला जागा मिळावी. पण परदेशी पाइनच्या फळीसोबत आलेला परदेशी दाखला पाहून ते विकत घेऊ नये. भट्टी इथली हवी, लाकूड इथलं हवं, आणि सगळ्यात आधी परीक्षा इथल्या पावसात झालेली हवी.

लाकडाला उष्णता दिली की त्याचं पाण्याशी असलेलं नातं बदलतं, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच माहीत झालं होतं. अमेरिकेच्या मॅडिसन इथल्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात त्यावर नेमके प्रयोगही झाले. पण त्याचा कारखानदारी धंदा केला फिनलंडने. तिथल्या व्हीटीटी या सरकारी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात पद्धत बसवली, २०००मध्ये उत्पादकांची संघटना उभी राहिली आणि ‘थर्मोवुड’ हे नाव त्यांनी नोंदवून घेतलं. फिनलंडकडे साग नाही, शिसव नाही. आहे तो पाइन आणि स्प्रूस, म्हणजे आपण खोक्यांना वापरतो त्या जातीचं लाकूड. त्या देशाने नशिबाला दोष न देता आपल्या मऊ लाकडाला भट्टीत घातलं. आपण शिकायचं असेल तर हे शिकण्यासारखं आहे.

भट्टीत होतं ते असं. बंद खोलीत फळ्या रचतात आणि वाफ सोडतात. आधी शंभर, मग एकशेतीस अंशांपर्यंत तापवून लाकडातलं पाणी जवळजवळ संपवतात. मग तापमान १८५ ते २१५ अंशांच्या मध्ये कुठेतरी नेऊन दोन-तीन तास तिथेच धरतात. एवढ्या उष्णतेत कोरडं लाकूड पेटायचंच, पण खोलीत वाफ कोंडलेली असते, प्राणवायू नसतो, म्हणून ते पेटत नाही. शेवटी हळूहळू थंड करून थोडी ओल परत देतात, पाच-सात टक्क्यांपर्यंत. लाकडाच्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असे तीन मुख्य घटक असतात. त्यातला हेमिसेल्युलोज पाण्याचा सगळ्यात मोठा लोभी. दोनशे अंशांत आधी तो मोडतो. तो गेला की लाकूड हवेतला ओलावा पूर्वीच्या जवळपास निम्माच शोषतं, फुगणं-आकसणं कमी होतं, आणि बुरशीला जो ओलावा आणि जे सोपं अन्न लागतं ते दोन्ही तिला मिळत नाही. कोकणात पावसाळ्यात नुसत्या पडवीत ठेवलेलं साधं लाकूडही हवेतून अठरा-वीस टक्के ओलं होतं. भाजलेलं दहाच्या आसपास थांबतं. हा फरक मोठा आहे.

इथे एक घोळ मिटवायला हवा, कारण त्यावर दुकानदारी चालते. बंदरातून येणाऱ्या लाकडी पॅलेटवर ‘एचटी’ असा शिक्का असतो. हीट ट्रीटेड. तो शिक्का आंतरराष्ट्रीय नियमाचा आहे आणि त्याचा अर्थ एवढाच, की फळीचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं होता. त्याने आतली कीड मरते; उद्या नवी लागायची असेल तर ती खुशाल लागू शकते. पॅलेटचं लाकूड आणून बाल्कनीतली बाकं करणारे हौशी लोक हा शिक्का टिकाऊपणाची हमी म्हणून दाखवतात तेव्हा हसू येतं. पण हॉटेलला डेक बांधून देणाराही तोच शिक्का दाखवू लागला, तर हसण्यावारी नेता येत नाही. भट्टीत वाळवलेलं म्हणजे ‘किल्न ड्राय’ लाकूड हीही वेगळी गोष्ट. तिथे तापमान साधारण साठ-ऐंशी अंशांचं असतं, लाकूड फक्त सुकतं, त्याचा स्वभाव बदलत नाही. ५६ अंश, ७० अंश आणि २१२ अंश या तिन्हींना बाजार एकच नाव देतो. निविदा लिहिणाऱ्याने तापमान लिहिलं नाही, तर ठेकेदार सगळ्यात स्वस्त अर्थ घेणार; त्याला दोष तरी कसा द्यायचा?

भाजलेल्या पाइनच्या फळीचा एक नमुना घेऊन मी कुडाळकडच्या एका मेस्त्रींकडे गेलो होतो. त्यांनी ती आधी हातात तोलली, मग बोटांच्या गाठींनी ठोकली. आवाज हलका, कोरडा आला. नाकाशी नेली; जळक्या साखरेसारखा वास. रंधा मारला तर सागाची जशी लांब वेटोळी निघतात तशी निघाली नाहीत, तुकडे आणि भुसा पडला. टोकाजवळ भोक न पाडता स्क्रू पिळला आणि फळी टचकन उभी चिरली. “ह्यां लाकूड न्हय ओ, टोस्ट आसा,” मेस्त्री म्हणाले. मग रंधलेल्या भागावर पाण्याचा थेंब सोडला, शेजारी आंब्याच्या फळीवर दुसरा. आंब्याने पाणी बघता बघता पिऊन टाकलं. भाजलेल्या फळीवर थेंब गोल बसून राहिला. मेस्त्रींनी भुवया उंचावल्या, आणि जे माहितीपत्रकात छापलेलं नसतं ते विचारलं : “वाळवी खाता काय?”

खाते. बुरशीच्या बाबतीत भाजलेलं लाकूड उजवं ठरतं, यावर बरंच काम झालेलं आहे. वाळवीच्या बाबतीत मात्र चाचण्यांचे निकाल फारसे आशादायक नाहीत. बऱ्याच ठिकाणी ते साध्या लाकडाइतकंच खाल्लं गेलं, काही ठिकाणी जास्तसुद्धा. फिनलंडला याची फिकीर नाही, तिथे वाळवी नाहीच. जांभ्याच्या जमिनीत घर बांधणाऱ्याला मात्र पहिली भीती तिचीच असते. तेव्हा जमिनीत पुरायच्या खांबासाठी हे लाकूड नाही. उत्पादकही जमिनीशी संपर्क नको म्हणूनच सांगतात. ते वाक्य पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं आणि ‘क्लास २, ड्युरेबल’ हे (म्हणजे युरोपीय वर्गवारीतला ‘टिकाऊ’ वर्ग) वर ठळक.

आता हवामान. लाकूड जमिनीला न टेकता उघड्यावर असेल तर कुजण्याचा धोका किती, हे मोजायला थिओडोर शेफर या अमेरिकी संशोधकाने १९७१ साली एक साधं गणित दिलं. महिन्याच्या सरासरी तापमानातून २ वजा करायचे, पावसाच्या दिवसांतून ३ वजा करायचे, दोन्हींचा गुणाकार करून १६.७ ने भागायचं. बारा महिन्यांची बेरीज ३५ च्या खाली असेल तर धोका कमी, ६५ च्या वर गेली तर जास्त. कोकणातला जुलै घ्या. सरासरी २७ अंश आणि पावसाचे २७ दिवस धरले (जुलैवर हा अन्याय होणार नाही) तर एकट्या जुलैचा आकडा ३६ येतो. म्हणजे अमेरिकेतल्या कमी धोक्याच्या गावाची वर्षभराची बेरीज आपण एका महिन्यात ओलांडतो. ऑगस्टही तसाच धरला की ७२, आणि जून, सप्टेंबर, परतीचा पाऊस अजून मोजलेलेच नाहीत.

युरोपीय ‘क्लास २’ मुख्यतः प्रयोगशाळेतून येतो. लाकडाचे छोटे ठोकळे ठरावीक बुरशींच्या संगतीत आठवडेच्या आठवडे ठेवतात आणि वजन किती घटलं ते पाहतात. चाचणी खोटी नाही. पण तिथल्या काचेच्या भांड्यात आपला चार महिन्यांचा पाऊस नाही, त्यानंतर ऑक्टोबरचं ऊन नाही, खारा वारा नाही आणि वाळवी तर नाहीच. तिथल्या शाळेत पहिला आलेला मुलगा इथे नापास होईलच असं नव्हे. पण इथल्या पेपरला बसवल्याशिवाय त्याला नोकरी देऊ नये.

आणि इथली परीक्षा आपल्याकडे आहे. ती फार जुनी आहे आणि युरोपच्या भांड्यांपेक्षा कडक आहे. आयएस ४०१ या भारतीय मानकात लाकडाची टिकाऊ वर्गवारी महिन्यांत दिलेली असते. ६० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर जाड-रुंद खुंट्या अर्ध्या जमिनीत पुरून ठेवायच्या आणि सरासरी किती महिने टिकल्या ते पाहायचं. १२० महिने किंवा त्याहून जास्त टिकल्या तर वरचा वर्ग, ६० पासून १२० पर्यंत मधला, त्याखाली कनिष्ठ. साग पहिल्या वर्गात, आंबा आणि रबर तळाला. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने अशी लाकडाची दफनभूमी वर्षानुवर्षं सांभाळली. मात्र भाजलेल्या लाकडाला फक्त याच कसोटीवर घासणंही अन्यायाचं होईल, कारण जमिनीत ते वापरायचंच नाहीये. त्याला दुसरी कसोटी हवी : जमिनीपासून हातभर वर, आकाशाखाली, दोन फळ्या एकमेकींवर चढवून जोडलेल्या, म्हणजे सांध्यात पाणी साचेल. डेक कुजतो तो सांध्यातच.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग औषध मारलेलं लाकूड काय वाईट? तेही बघू, कारण त्याचा इतिहास आपलाच आहे. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबाखाली लाकडात भरायची पद्धत, जगात सीसीए नावाने ओळखली जाणारी, १९३३ मध्ये सोंटी कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने डेहराडूनलाच शोधली. पुढची सत्तर वर्षं जगभरचे विजेचे खांब, धक्के, कुंपणं त्याच्या जोरावर उभी राहिली. त्या माणसाचं नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय, हा वेगळा विषय. सीसीए मारलेलं लाकूड जमिनीतही टिकतं, वाळवीलाही दाद देत नाही. पण २००३च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापरातून ते बाजूला झालं आणि युरोपनेही त्यावर निर्बंध आणले. कारण आर्सेनिक.

आपल्याकडे या कारणाला एक जादा धार आहे. अमेरिकेत जुना डेक उखडला की तो कचराडेपोत जातो. कोकणात लाकूड फेकून देण्याची पद्धत नाही. तुटलेला बाक, निघालेली फळी, छपराचा कुजलेला रिफ हे सगळं परसदारी जातं आणि पाणी तापवायच्या बंबाखाली किंवा चुलीत पेटतं. ती राख भांडी घासायला, अळवाच्या, केळीच्या बुंध्याशी. सीसीएचं लाकूड जाळलं तर आर्सेनिक धुरातून आणि राखेतून घरात येतं. कुठल्या ग्रामपंचायतीचा शिपाई निघालेल्या फळ्यांवर ‘जाळू नये’ अशी चिठ्ठी लावणार आहे? सार्वजनिक जागी, लहान मुलं हात लावतील तिथे, आणि शेवटी चुलीतच जाणार असलेलं लाकूड निर्विष असावं, हा भाजलेल्या लाकडाच्या बाजूचा माझ्या मते सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. विक्रेते तो मांडत नाहीत, कारण त्यांच्या पत्रकातल्या बायकांच्या घरी बंब नसतो.

डब्ल्यूपीसी या पर्यायावर फार शब्द खर्च करत नाही. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं ते मिश्रण. कुजत नाही हे खरं, पण उन्हात तापतं, वाकतं, आणि निकामी झालं की ना चुलीत जातं ना मातीत. किनाऱ्यावर प्लास्टिक वेचण्याच्या मोहिमा काढायच्या आणि त्याच किनाऱ्यावर प्लास्टिकचे डेक टाकायचे, हे मला पटत नाही.

आता ‘इथलं लाकूड’ म्हणतो ते कुठलं? साग भाजायची गरज नाही, त्याचा गाभा मुळातच पक्का. ऐनाचंही तसंच, जुन्या घरांच्या वाशांना विचारा. भाजून फायदा होईल तो कनिष्ठ वर्गातल्या लाकडाचा : रबर, आंबा, सिल्व्हर ओक. रबराचं लाकूड दिसायला देखणं, पण कापल्यापासून काही दिवसांतच निळं पडतं आणि कीड धरते. म्हणून त्यात बोरॉन भरतात. बोरॉन पाण्यात विरघळतो, पहिल्याच पावसात धुऊन जायला लागतो, त्यामुळे रबराचं लाकूड घराबाहेर काढताच येत नाही. बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान संस्थेत रबर आणि सिल्व्हर ओक भाजून पाहण्याचे प्रयोग झालेले आहेत. रंग, फुगणं आणि ताकद या तिन्हींत काय फरक पडतो ते मोजलेलं आहे. म्हणजे सुरुवात शून्यापासून करायची नाही. आंब्याचं तर विचारूच नका. म्हातारी कलमं तोडली की त्यांच्या खोक्याच्या फळ्या होतात, सेंटरिंगच्या फळ्या होतात, उरलेलं जळाऊ म्हणून ट्रकने घाट चढतं. बागायतदाराच्या हाती त्यातून पडतं ते किरकोळ.

इथेच माझ्या मताला सगळ्यात मोठा आक्षेप निघतो, आणि तो मला टाळायचा नाही. कोकणातलं रान बहुतांशी मालकीचं आहे. ज्या लाकडाला आज भाव नाही त्याला भाव आला, तर कोयता थांबेल का? सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात काय झालं ते ताजं आहे. जंगल साफ करून रबराच्या बागा उभ्या राहिल्या, वृक्षतोडीवर २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातली, आणि २०२४ मध्ये तिथली गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचे निर्देश दिले. रबराच्या लाकडाला बाजार मिळवून देतो म्हणणाऱ्याने या इतिहासाकडे पाठ फिरवून चालणार नाही. माझं उत्तर असं : उभ्या असलेल्या बागांतलं, चीक संपल्यावर नाहीतरी पाडलं जाणारं रबर घ्यावं, नव्या लागवडीचं निमित्त होऊ देऊ नये. आणि भट्टीचा परवाना देताना जातींची यादी ठरवून द्यावी : रबर, कलमी आंबा, सिल्व्हर ओक. ऐन, किंजळ, नाणा भट्टीच्या आवारात सापडला तर परवाना रद्द. हे नियम कागदावर राहतील, असं म्हणणारे वाचक असतील. त्यांना मी पटवू शकणार नाही. पण आज तोच ऐन-किंजळ जळाऊ म्हणून काट्यावर तोलून जातो आहे, भट्टी नसतानाच. भाव नसल्यामुळे जंगल वाचतं, या समजाला कोकणाने तरी आधार दिलेला नाही.

भट्टीचं सांडपाणीही निघतं, तेही सांगायला हवं. लाकूड भाजताना ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्ल सुटतं, वाफ थंड झाली की आंबूस, उग्र वासाचं पाणी उरतं. ते शुद्ध केल्याशिवाय सोडता येत नाही. कोकणात कारखान्याच्या पाण्याचं नाव काढलं की लोकांना लोटे-परशुराम आठवतं, आणि आठवावंच. एक छोटी भट्टी म्हणजे रासायनिक वसाहत नव्हे, पण वहाळाच्या काठावर ती नकोच. इंधनाचा प्रश्न त्या मानाने सोपा : सॉमिलचा भुसा, सालपटं, तुकडे, फिनलंडमध्येही साली जाळूनच काम भागवतात.

लाकूड कितीही चांगलं असलं, तरी बांधणाऱ्याने घोळ घातला की संपलं. जुन्या वाड्यांत खांब कधी जमिनीत जात नसे; खाली दगडी तळखडा असे आणि खांब त्याच्यावर. पागोळीचं पाणी खांबापर्यंत येऊ नये एवढं छप्पर पुढे काढलेलं. ही अक्कल आपण काँक्रीटच्या नादात विसरलो. भाजलेल्या लाकडाला ती दुप्पट लागते, कारण ताकद कमी झालेली असते. भाजण्याच्या तीव्रतेनुसार वाकण्याची ताकद दहापासून तीस टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणजे ती फळी पायाखाली चालेल, तुळई म्हणून चालणार नाही. त्यात आम्लाचा अंश राहतो, साधा खिळा गंजून फळीवर काळे ओघळ येतात. समुद्राकाठी तर ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टीलच हवं. रंगही टिकत नाही. सागासारखा दिसतो म्हणून घेतलेला डेक वर्ष-दोन वर्षांत राखाडी पडतो, आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ इतर कशावरही धरतं तसंच धरतं. उद्घाटनाच्या फोटोवरून निर्णय घेणाऱ्यांनी दुसऱ्या श्रावणातला फोटोही मागवावा.

तेव्हा करायचं काय? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचं महाविद्यालय आहे आणि आवारात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे एक चाचणी-मैदान आखावं. एका बाजूला आयएस ४०१ प्रमाणे पुरलेल्या खुंट्या, दुसऱ्या बाजूला जमिनीपासून वर उचलून ठेवलेले सांध्याचे नमुने. आयात थर्मो-पाइन, इथे भाजलेलं रबर, आंबा, सिल्व्हर ओक, आणि तुलनेला सागाचा गाभा, सागाचा पांढरा भाग, साधा आंबा. असंच दुसरं मैदान गोव्यात, खाडीकाठी. याला यंत्रं लागत नाहीत. कुंपण, वजनकाटा, वहीत नोंद करणारा माणूस, आणि दर पावसाळ्यानंतर टोचा मारून बघणारा मार्गदर्शक पुरे.

‘निकाल यायला पाच वर्षं लागतील, तोवर कोण थांबणार?’ हा प्रश्न मंत्रालयात नक्की विचारला जाईल. सगळ्या निकालांसाठी पाच वर्षं थांबायची गरज नाही. कोकणात तकलादू लाकूड दोन-तीन पावसाळ्यांतच उघडं पडतं; जे तेवढ्यात गेलं त्याची चर्चा संपली. तोवर भाजलेलं लाकूड वापरायचंच असेल तर छोट्या कामांत वापरावं, आणि निविदेत तापमान आणि वेळ लिहावी, ब्रँडचं नाव लिहू नये. माल आल्यावर कनिष्ठ अभियंत्याने कुठलीही एक फळी मधोमध आडवी कापून घ्यावी. रंग गाभ्यापर्यंत एकसारखा तपकिरी असायला हवा. वरून तपकिरी आणि आत पिवळट दिसली तर ती नीट भाजलेली नाही, किंवा नुसती रंगवलेली आहे. मग त्याच फळीचा तुकडा आणि त्याच जातीच्या साध्या लाकडाचा तुकडा दिवसभर पाण्यात बुडवून दोन्हींची रुंदी आधी आणि नंतर मोजावी. भाजलेला तुकडा स्पष्टपणे कमी फुगला नाही तर गाडी परत. या चाचणीला एक बादली आणि एक व्हर्नियर लागतो.

आणखी एक कलम घालावं. सार्वजनिक कामाला उघड्यावरचं लाकूड पुरवणाऱ्या प्रत्येकाने त्याच मालातल्या दहा फळ्या चाचणी-मैदानाला फुकट द्याव्यात, आणि दरवर्षी त्या फळ्यांचं काय झालं ते पुरवठादाराच्या नावासकट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाहीर व्हावं. हे कलम घातल्यावर किती निविदा येतात, तेही बघण्यासारखं असेल.